पैनगंगेपलीकडचे ‘स्थानिक’

आदिलाबाद : पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र संपतो, मराठी संपत नाही. आदिलाबादच्या बाजारात ती चालते, सरहद्दीलगतच्या गावांत ती घरात बोलली जाते. यातली कित्येक घरे कुठून आलेलीच नाहीत. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे गेले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात, म्हणजे आताच्या तेलंगणात. सोयरिकी मात्र जुन्याच नकाशावर चालू राहिल्या. म्हणून इथल्या मराठी माणसाला जागचे न हलताही आपण इथलेच आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते, आणि त्या कामी त्याला हाताशी धरणारे कोणी नाही.

देशात नागरिकत्व एकच, मग हा वेगळा कागद कशाला, असे महाराष्ट्रातला वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. पण निजामाच्या राज्यापासून इथे ‘मुलकी’, म्हणजे इथल्या मुलखाचा, असण्याला मोल आहे. जन्माने मुलकी होता येई. किंवा पंधरा वर्षे राहून, मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र करूनही होता येई. मुलकी पुरुषाची बायको मुलकी धरली जाई. परका माणूस एखाद्या देशाचा नागरिक होतो तो जवळपास याच वाटेने. मुलकी नियम गेले. त्यांची जागा घटनेच्या 371-ड कलमाने आणि त्याखालच्या राष्ट्रपतींच्या आदेशांनी घेतली. 2018 च्या आदेशाने 95 टक्के सरकारी पदे स्थानिकांना राखली आहेत आणि स्थानिक कोण हे मुख्यतः पहिली ते सातवी कुठे शिकलात यावर ठरते. शिक्षणाची भाषा तो आदेश विचारत नाही. आदिलाबादच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी तेलुगू शाळेतल्या मुलीइतकीच स्थानिक आहे. हे घरोघर सांगायला हवे, कारण लेकराला शाळेसाठी किनवटला मामाकडे ठेवणाऱ्या बापाला आपण त्याचा कोणता हक्क घालवतो आहोत याची कल्पना नसते. यवतमाळ जिल्ह्यात शिकून इथे नांदायला आलेल्या सुनेलाही आता लग्नाने तो दर्जा मिळत नाही.

नियम कळला तरी अर्जाचे रकाने आडवे येतात. तेलुगू रिवाजात ‘इंटिपेरु’, म्हणजे घराण्याचे नाव, आधी येते, आणि तेही बहुधा एका अक्षरापुरते. समजा, मुलाचे नाव राम गणपत जाधव. शाळेच्या टीसीवर तो ‘जे. राम’ होतो आणि बापाचे नाव मधून गळते. आधारवर तिन्ही नावे राहतात. दाखल्यासाठी ‘मीसेवा’ या सरकारी सेवा केंद्रात गेल्यावर एकच मुलगा दोन माणसे ठरण्याची वेळ येते.

तेलंगणात राहायचे तर तेलुगू शिका, हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. मुलांनी शिकलेच पाहिजे, चांगले शिकले पाहिजे. पण अर्जाची मुदत बाप तेलुगू शिकेपर्यंत थांबत नाही. शिवाय, परदेशी माणूस भारताचे नागरिकत्व मागतो तेव्हा 1955 चा कायदा त्याच्याकडून आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान मागतो, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. तक्रारअर्ज राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क घटनेचे 350 वे कलम देते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरहद्दीपलीकडून आलेले आदिवासींचा वाटा खातील, ही गोंड-कोलामांची भीती खरी आहे. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांत असलेला बंजारा समाज इथे अनुसूचित जमातींत असल्याने ती अधिकच टोकदार होते. मात्र एका राज्यातून दुसऱ्यात आलेल्याला नव्या राज्याच्या यादीतला जमातीचा लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 सालीच मर्री चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केले. नीट भरलेला अर्ज माणूस कुठला ते उघड करतो, आणि खोटा दाखला अंधारातच निघतो. म्हणून सीमाभागासाठी झटणाऱ्या संस्थांकडे मागणे एवढेच : दोन्ही लिप्या वाचणारा एक माणूस जूनमध्ये, शाळाप्रवेशाच्या दिवसांत, इथे बसवा. पहिलीच्या नोंदवहीत नाव पूर्ण आणि बरोबर पडले, तर पुढचे निम्मे हेलपाटे वाचतील.