टाळूतला खुंटा

मराठीत ‘टाळू’ या शब्दाला दोन जागा आहेत. बाळाच्या डोक्यावर आई तेल भरते ती टाळू आणि ‘चार’ म्हणताना जीभ जिला टेकते तीही टाळू. ‘चाक’ म्हणताना तीच जीभ जराशी दातांकडे सरकते. व्याकरणाने या थोड्या मिलिमीटरांच्या फरकाला तालव्य आणि दंततालव्य अशी नावे दिली. दंतवैद्यकातही टाळूवरचे असेच थोडे मिलिमीटर आता निर्णायक ठरत आहेत.

पुढे आलेले दात मागे घेताना खरी अडचण असते ती आधाराची. मागच्या दाढांना धरून पुढचे दात ओढावेत, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दाढाही पुढे सरकतात. बैल बांधावा आणि खुंटाच उपटून यावा, तसे हे होते. म्हणून खुंटा दातांऐवजी हाडातच रोवावा, ही कल्पना पुढे आली. १९४५ साली गेन्सफोर्थ आणि हिगली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात धातूचे स्क्रू बसवून पाहिले. ते महिनाभरातच सैल झाले. १९९७ साली जपानच्या कानोमी यांनी छोट्या स्क्रूची पद्धत मांडली आणि तेथून सूक्ष्म इम्प्लांटचा प्रसार झाला. हा स्क्रू साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड असतो आणि उपचार संपल्यावर काढून टाकतात. त्याची पकड मुख्यतः यांत्रिक असते. ‘हलवून खुंटा बळकट’ ही म्हण इथे लागू पडत नाही. एकदा हललेला स्क्रू बहुधा सैलच होत जातो.

तेव्हा आधी जमीन पाहावी लागते. तापीकाठच्या काळ्या मातीत आणि मुरमाड माळावर खुंटा सारखा बसत नाही, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. टाळूचे हाडही सर्वत्र सारखे नसते. पुढच्या दातांमागे ज्या आडव्या वळ्या जिभेला लागतात, त्यांच्या लगेच मागे, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ते पुरेसे जाड असते. मागे आणि बाजूला जावे तसतसे ते पातळ होते. दाढांच्या रेषेत अनेकदा दोन-चार मिलिमीटरच उरते. त्याच्या वर नाकाची पोकळी असते. लांब स्क्रू तिथे शिरू शकतो. बाजूला टाळूची मोठी रक्तवाहिनी जाते, तर फार पुढे दातांची मुळे येतात. किशोरवयात मध्यरेषेवरचा सांधा पक्का झालेला नसतो, म्हणून स्क्रू मध्यावर न बसवता दोन-तीन मिलिमीटर बाजूला घेतात. हिरडीसारखे मऊ आवरणही मोजावे लागते. ते जाड असेल तर स्क्रूचा कमी भाग हाडात जातो आणि बाहेरचा भाग तरफेसारखा त्याला हलवतो. भूल देऊन, रबराची चकती लावलेल्या सुईने ही जाडी कळते.

हाड पाहण्याचे मार्ग दोन. डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे बहुतेक रुग्णांचा उपचारापूर्वी काढलेलाच असतो. त्यात मध्यरेषेजवळच्या हाडाची उंची कळते, पण डावी-उजवी बाजू एकमेकींवर पडतात. कोन-बीम सीटी स्कॅन हाडाचे हवे तसे काप दाखवतो; मात्र त्याचे किरण साध्या एक्स-रेपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतात. म्हणून तो सरसकट काढू नये. हाड पातळ वाटले, दात हाडात अडकलेला असला, टाळूला फट असली किंवा स्क्रू मागे बसवायचा असला, तर तो जरूर काढावा.

धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, जळगाव तिथून सुमारे नव्वद किलोमीटर. रावेर किंवा साक्रीहून एसटीने येणाऱ्या मुलाची शाळा आणि बापाची मजुरी अशा प्रत्येक फेरीला बुडते. स्क्रू निसटला की फेरी वाढते, खर्च वाढतो आणि अर्धवट सरकलेल्या दातांसह मूल उपचार सोडून देण्याची भीती असते. म्हणून पालकांनी संकोच न करता तीन प्रश्न विचारावेत : स्क्रू नेमका कुठे बसणार, तिथले हाड कसे पाहिले आणि स्कॅन हवा असेल तर तो कशासाठी? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. एक्स-रे उजेडावर धरून तो जागा दाखवतो.