दिवाळीनंतर परत न येणारी मुले

३१ जुलैला लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर आपण दरवर्षी जमतो. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे मुक्कामाला होते. त्या गर्दीत अर्ध्याहून जास्त पोरे कॉलेजची असतात. आम्ही तिथे मुलांशी बोलत बसतो. प्रश्न ठरलेलेच असतात: फॉर्म भरला का, वसतिगृह लागले का, डबा कुठून येतो?

खान्देशातले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. त्याआधी इथली कॉलेजे पुण्याला जोडलेली होती. १९९० हे साल आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती त्याच वर्षी लागू झाल्या. म्हणजे घराजवळचे विद्यापीठ आणि केंद्राच्या सवलतीचा हक्क एकाच वर्षी दारात आले. तरीही पहिल्या वर्षाला नाव घातलेली काही मुले दिवाळीला गावी जातात आणि परत येत नाहीत. ही मुले अभ्यासात कच्ची नसतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

साक्री तालुक्यातल्या एका मुलीचे उदाहरण घ्या. आईवडील ऊसतोडीला जाणारे. मुलगी धुळ्यात तिघींबरोबर खोली करून राहायची. आजी सकाळच्या एसटीने डबा पाठवायची. बस चुकली की त्या दिवशी वडापाव. भारत सरकार शिष्यवृत्तीचा फॉर्म तिने वेळेत भरला होता आणि तो मंजूरही झाला. पण पैसे खात्यात दिसेनात. इकडे कॉलेजच्या खिडकीवर फीचा तगादा सुरू झाला. परीक्षा फॉर्म अडवतील या भीतीने ती दिवाळीला गेली ती घरीच राहिली.

आम्ही शोध घेतला तेव्हा पैसे दुसऱ्याच खात्यात निघाले. गावात एकदा शिबिरात तिचे टपाल खात्याच्या बँकेचे खाते उघडले होते आणि आधार तिकडे जोडले गेले होते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फॉर्मवर लिहिलेला खाते क्रमांक आणि पैसे जमा होण्याचे खाते एकच असेल असे नाही. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलेले असते तिथेच रक्कम जाते. पासबुकावर आधार क्रमांक छापलेला असला म्हणजे झाले, असे समजू नका. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ असे थेट विचारा.

दुसरी अडचण २०२१ पासूनची. आता केंद्राचा ६० टक्के हिस्सा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम त्याने कॉलेजला भरायची असते. घरात कोणी आजारी असेल, बियाण्याचे पैसे द्यायचे असतील, तर ती रक्कम हातात टिकत नाही. पोरांना यासाठी दोष देऊ नये, पण पैसे आल्याच्या दिवशीच फी भरून पावती घ्यावी.

शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करूनही जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार: भोजनाचे २५, निवासाचे १२, निर्वाहाचे ६. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आधीच्या परीक्षेत ५० टक्के गुण, आणि कॉलेज आहे त्या शहराचे रहिवासी नसणे या मुख्य अटी. मात्र रक्कम उशिरा येते. खोलीमालक हप्त्याची वाट पाहत नाही, म्हणून मधले महिने कसे काढायचे याची तजवीज आधी करावी लागते. आमच्या ओळखीच्या एका विहारात पौर्णिमेच्या दानातून पाच मुलांचे मेसचे पैसे उधार दिले जातात. स्वाधार आले की मुले परत करतात. आजवर एकच मुलगा चुकला, तोही वडील गेल्यामुळे.

पैशाचे दुखणे सांगता येते. दुसरे दुखणे मुले सांगत नाहीत. अहिराणी बोलल्यावर वर्गात हसू उमटते, आडनाव ऐकून ‘तुम्हाला काय, फुकटच’ असा टोमणा येतो. आपल्या जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी गेल्या. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समता विनियम असूनही ते राबवले जात नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. त्या विनियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद होती. आम्ही मुलांना विचारतो, तुमच्या कॉलेजात हा अधिकारी कोण? बहुतेक एकमेकांकडे पाहतात.

तक्रार लेखी द्या, तारीख घाला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. एकट्याने जाऊ नका.

साक्रीची ती मुलगी जानेवारीत परत आली. टपाल बँकेतले पैसे काढून तिने फी भरली. एक सत्र मात्र बुडाले. आता नव्या मुलींचे आधार सीडिंग तपासायला तीच त्यांच्याबरोबर बँकेत जाते, आणि येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर ती टेबल मांडून बसणार आहे.