सेंद्रिय द्राक्षबाग व मोरचुदाचा जमाखर्च

रासायनिक औषधें बंद केलीं कीं बाग सेंद्रिय झाली, असा समज आमच्या शेंद्रा भागांतील कित्येक बागायतदार बंधूंचा दिसतो. हा समज लहान बागवाल्यास बुडविणारा आहे. पानाखालीं पांढरी बुरशी धरणारा केवडा रोग एकदां फुलोऱ्यावर पडला म्हणजे वर्षाचें उत्पन्न हातचें जातें.

केवड्यावर सेंद्रिय शेतींतही चालणारें मुख्य औषध म्हणजे बोर्डो मिश्रण होय. फ्रान्समधील बोर्डो प्रांतांत, वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत असत. त्याच वेलींचीं पानें रोगांतून वांचलेलीं मिलार्दे नामक वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८२ सालीं पाहिलीं, व १८८५ सालीं हा उपाय प्रसिद्ध केला.

एक टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी लागतें. त्यांत स्वच्छ सुरी बुडवून पाहावी; तांबूस थर चढल्यास चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें.

परंतु पानांवरून धुपलेलें तांबें जमिनींत सांचून राहतें व गांडुळांस अपाय करितें. म्हणून युरोपांत सात वर्षांत हेक्टरीं २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. म्हणजे सरासरीनें एकरीं वर्षास सुमारें १.६ किलो. मोरचुदांत चौथा हिस्सा तांबें असतें. एकरीं ४०० लिटर धरल्यास एका फवारणींत ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबें पडतें. दुसऱ्याच फवारणीस मर्यादा ओलांडली जाते. निम्म्या तीव्रतेच्या तीन फवारण्या मात्र तींत बसतात.

तेव्हां औषधापेक्षां हातांच्या कामावर भिस्त ठेवावी. केवडा ओल्या पानांवर बळावतो. यास्तव परतीचा पाऊस ओसरेपर्यंत गोडी छाटणीची घाई करूं नये. रोगट पानें बागेबाहेर नेऊन नष्ट करावीं. दाट फूट विरळ करून घडांस वारा व ऊन मिळूं द्यावें, आणि पाणी ठिबकनें मुळाशीं द्यावें.

सेंद्रिय प्रमाणपत्रास तीन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. म्हणून प्रथम बागेचा थोडा भागच घ्यावा, आणि दर फवारणीस किती तांबें पडलें तें तारीखवार वहींत मांडावें, अशी आमची बागायतदार बंधूंस विनंती आहे.