कुंपणाआतला शत्रू

वीजकेंद्राचे रक्षण म्हटले की कुंपण, कुलूप व पहारेकरी डोळ्यांपुढे येतात. २३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रँकिव्हस्क येथे मात्र कुंपण अभंग असतानाच वीज गेली. वितरण कंपनीच्या नियंत्रणकक्षात संगणकाच्या पडद्यावरील दर्शक कोणाचाही हात न लागता सरकू लागला आणि एकेका उपकेंद्राचा सर्किट ब्रेकर उघडत गेला. आणखी दोन कंपन्यांवरही त्याच सुमारास हाच प्रसंग ओढवला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात सापडले.

शत्रू त्या दिवशी शिरला नव्हता. कित्येक महिने आधी कर्मचाऱ्यांना ई-मेलने आलेले साधेसे दिसणारे कागदपत्र उघडले गेले, तेव्हाच त्याला वाट मिळाली. मग सवडीने त्याने संकेतशब्द हस्तगत केले.

वीज परत आली ती जुन्याच रीतीने. माणसे मोटारींतून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी स्वहस्ते प्रवाह जोडला. काही तासांत दिवे लागले. ही हातांनी चालणारी सोय तेथे शिल्लक होती, हे सुदैवच म्हणावयाचे! दूरनियंत्रणाची उपकरणे हल्लेखोरांनी निकामी केल्यामुळे पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ नियंत्रणकक्षांचे काम पूर्ववत् होऊ शकले नाही.