शेजार असावा, पण बेताचा

पोपटांच्या दोन जाती एकाच मोठ्या पिंजऱ्यात ठेवल्या, तर काय बिघडते? एरवी कदाचित फारसे नाही; पण विणीच्या हंगामात घरट्याच्या पेटीवरून मारामाऱ्या जुंपतात. जाळीला धरून बसलेल्या शेजाऱ्याच्या पायाचे बोटही चोचीने तोडले जाते. म्हणून लगतच्या पिंजऱ्यांमध्ये अंतर सोडून दुहेरी जाळी लावतात.

दुसरा धोका संकराचा. लव्हबर्ड हे आफ्रिकेतील छोटे पोपट होत. गुलाबी चेहऱ्याच्या जातीची मादी साल, पाने किंवा कागद यांच्या पट्ट्या कातरते आणि पाठीमागच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. फिशर जातीची मादी मात्र एकेक पट्टी चोचीत धरून नेते. निसर्गात पहिली जात नैर्ऋत्य आफ्रिकेत, तर दुसरी टांझानियात राहते. त्यामुळे त्यांची गाठ पडत नाही.

विल्यम डिल्गर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या दोन जातींचा संकर घडवून १९६२ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. संकरित पक्षी पट्टी पिसांत खोचू पाहत, पण ती गळून पडे. चोचीतून नेणे अंगवळणी पडायला त्यांना सुमारे तीन वर्षे लागली. तरीही त्यांची मान मागे वळेच! यावरून ही सवय बरीचशी उपजत असते, शिकून ती हळूहळूच बदलते, असे दिसते.

एवढ्या खटपटीने बांधलेल्या घरट्यात पिल्ले मात्र होत नाहीत; कारण हे संकरित पक्षी वंध्य असतात. तेव्हा हंगामापूर्वीच जाती वेगळ्या कराव्यात, हे बरे.