‘मेजॉरिटी’ आणि तिचे मराठी पर्याय : अर्थभेद व उपयोजन

इंग्रजीतील ‘मेजॉरिटी’ हा शब्द आता मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की त्याला प्रतिशब्द शोधण्याची निकड सहसा कोणाला वाटत नाही. लेखनात मात्र ती वाटते. मग ‘बहुसंख्य’, ‘बहुमत’, ‘बहुतांश’, ‘बहुतेक’, ‘अधिकांश’ यांपैकी हाताशी येईल तो शब्द वापरला जातो. हे शब्द परस्परांचे पर्याय आहेत, असे यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासावयाचे आहे. सामाजिक शास्त्रांतील ग्रंथांच्या अनुवादात आणि समीक्षालेखनातही या शब्दांच्या निवडीवर विधानाचा खरेखोटेपणा अवलंबून असतो.

प्रथम मूळ शब्दाचा विचार करू. ‘मेजॉरिटी’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘मेजर’ हे रूप आहे, आणि ते ‘मॅग्नस’ म्हणजे ‘मोठा’ या विशेषणाचे तरतमवाचक रूप होय. त्याचा अर्थ ‘मोठा’ असा नसून ‘दुसऱ्याहून मोठा’ असा आहे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो श्रेष्ठत्व आणि कायद्याने सज्ञान होण्याचे वय या अर्थांनी. संख्येने मोठा भाग हा आज प्रमुख असलेला अर्थ त्यास सतराव्या शतकाच्या अखेरीस चिकटला. अर्थ बदलले तरी तुलना सुटली नाही. मेजॉरिटी म्हटले की समोर मायनॉरिटी उभी राहतेच.

मराठीतील पर्यायांची घडण निराळी आहे. त्यांतील बहुतेकांचा आधार ‘बहु’ हा शब्द आहे आणि ‘बहु’ तरतमवाचक नाही. संस्कृतात त्याची ‘भूयस्’ आणि ‘भूयिष्ठ’ अशी तरतमरूपे होती. मराठीच्या नित्य व्यवहारात ती उतरली नाहीत. जुन्या पत्रांच्या शेवटी येणाऱ्या ‘बहुत काय लिहिणे’ या सांकेतिक वाक्यातील ‘बहुत’ म्हणजे ‘पुष्कळ’. निम्म्याहून अधिक नव्हे. ‘बहुमत’ची कथा तर अधिक उद्‌बोधक आहे. संस्कृतात ‘बहुमत’ म्हणजे ‘ज्याला फार मान आहे असा’. मराठीतील ‘बहुमान’ या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. मतदानाच्या संदर्भातील अर्थ हा आधुनिक संस्थाजीवनाने त्यावर केलेला संस्कार होय.

परिणामी ‘साठोत्तरी कालखंडातील बहुसंख्य कथा नागर जीवनाच्या आहेत’ असे विधान एखाद्या प्रबंधात येते, तेव्हा लेखकाला ‘पुष्कळ’ म्हणावयाचे आहे की ‘निम्म्याहून अधिक’, हे वाचकाला कळत नाही. पहिल्या अर्थासाठी काही ठळक उदाहरणे पुरेशी आहेत. दुसऱ्यासाठी मोजणी हवी. मोजणी केलेली नसेल तर ‘पुष्कळ’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक ठरतो.

‘बहुतेक’ची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. ‘बहुतेक कवी संमेलनाला येतील’ हे वाक्य पाहावे. कवींपैकी पुष्कळसे येतील, हा एक अर्थ. कवी येतील असा संभव आहे, हा दुसरा. शिवाय ‘कवी’चे अनेकवचन एकवचनासारखेच आणि ‘येतील’ हे आदरार्थीही असल्यामुळे ज्या एका कवीची वाट पाहिली जात आहे ते येण्याचा संभव आहे, असा तिसरा अर्थही निघतो. बोलताना ‘बहुतेक’नंतरच्या किंचित विरामाने हा गुंता सुटतो, छापील पानावर तो विराम नसतो. ‘कवी बहुतेक येतील’ अशी रचना केल्यास शब्द क्रियापदाकडे सरकतो आणि संभवाचा अर्थ पक्का होतो. विभक्तीचीही एक खूण आहे : ‘बहुतेकांना’ असे रूप होते तेथे संख्याच अभिप्रेत असते. ‘बहुधा’ला विभक्ती लागत नाही. त्या शब्दाचा प्रवास ‘अनेक प्रकारे’ या संस्कृत अर्थापासून ‘बहुतकरून’ आणि पुढे ‘संभवतः’ येथवर झाला आहे. जे अनेकदा घडते ते पुन्हा घडण्याचा संभव अधिक, या साध्या अनुभवावर हे अर्थांतर उभे आहे. ‘बहुतेक’ने तीच वाट धरली, पण मागचा अर्थ सोडला नाही.

‘बहुतांश’ आणि ‘बहुतांशी’ यांतील ‘अंश’ एका वस्तूच्या भागाकडे निर्देश करतो. इंग्रजीतही काटेकोर लेखक मेजॉरिटी मोजता येणाऱ्या घटकांपुरती ठेवतात आणि वेळ, पाणी, एखादी दीर्घ कविता यांच्यासाठी ‘ग्रेटर पार्ट’ किंवा ‘मोस्ट’ पसंत करतात. मराठीत हा भेद शब्दांतच आहे; तो जपणे सोयीचे. ‘खंडकाव्याचा बहुतांश भाग’ आणि ‘बहुसंख्य खंडकाव्ये’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही. ‘अधिकांश’ हिंदीत सर्रास चालतो. मराठीत त्याची गरज मला तरी जाणवत नाही.

फाउलर यांनी आपल्या १९२६ च्या इंग्रजी उपयोजनकोशात मेजॉरिटीच्या संख्याविषयक अर्थांची छाननी केली आणि क्रियापद एकवचनी घ्यावे की अनेकवचनी, हा प्रश्न त्या आधारे सोडवला. मराठीत हा प्रश्न जवळजवळ उद्‌भवतच नाही. ‘बहुमत आहे’, ‘बहुसंख्य सभासद आहेत’ : शब्द निवडला की वचनही ठरते.

राजकीय व्यवहारात मराठीने आणखी एक भेद राखला आहे. उमेदवार पाच हजारांच्या ‘मेजॉरिटी’ने निवडून आला, या ब्रिटिश धर्तीच्या वाक्यातील शब्द म्हणजे ‘मताधिक्य’, बहुमत नव्हे. आपल्या निवडणूकपद्धतीत मताधिक्य पुरते. झालेल्या मतांचे बहुमत लागत नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. मते सुमारे ३१ टक्के होती. जागांचे बहुमत आणि मतांचे बहुमत यांतील अंतर ‘जनतेने बहुमत दिले’ या नित्याच्या वाक्यात झाकले जाते.

खरी कसोटी लागते ती ‘बहुमत’ आणि ‘बहुसंख्याक’ यांच्यापाशी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांसंबंधीच्या आपल्या १९५५ च्या इंग्रजी पुस्तिकेत राजकीय मेजॉरिटी आणि जमातवार मेजॉरिटी यांत भेद केला. पहिली घडते, मोडते, तिचे दार कोणालाही उघडे असते; दुसरी जन्मावर ठरते आणि तिचे दार बंद असते. एखाद्या राज्यात एकाच मोठ्या जातीचे प्राबल्य असेल तर दुसरी मेजॉरिटी पहिलीच्या वेषात वावरू शकते, ही त्यांची चिंता होती. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच नाम असल्याने त्यांना दोन विशेषणे योजावी लागली. मराठीत पहिलीला ‘बहुमत’ आणि दुसरीला ‘बहुसंख्याकत्व’ असे निराळे शब्द सहज मिळतात. मात्र अनुवादकाने दोन्हीकडे ‘बहुमत’ वापरले तर ज्या गल्लतीविरुद्ध युक्तिवाद आहे तीच अनुवादात शिरते. आणि दोन्हीकडे निरनिराळेच शब्द योजले तर एकाच नावाखाली दोन गोष्टी खपतात, हा मूळ मुद्दा पुसट होतो. अशा ठिकाणी ‘राजकीय बहुमत’ आणि ‘जन्मसिद्ध बहुमत’ अशी काहीशी अवघड रचना पत्करणे मला योग्य वाटते. मिलच्या १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’तील मेजॉरिटीच्या जुलमाचा अनुवाद करतानाही हेच भान हवे. मिल यांचा रोख कायदेमंडळातील मतांइतकाच समाजाच्या दडपणावर आहे, आणि ‘बहुमत’ म्हटले की मराठी वाचकाला सभागृहच दिसते.

‘बहुजन’ या शब्दाला मात्र उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत नेताना, वाट सापडत नाही. पाली वाङ्‌मयात तो सर्वसामान्य लोकसमुदायासाठी येतो. महाराष्ट्रात सत्यशोधक परंपरेने आणि पुढे विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्यांनी त्याला जो आशय दिला, त्यात संख्या आहेच. परंतु संख्येने मोठा असूनही विद्या आणि सत्ता यांपासून दूर ठेवला गेलेला, हा अर्थ अधिक भारी आहे. मेजॉरिटी म्हटले की वरचढपणा सूचित होतो. ‘बहुजन’मध्ये त्याच्या अभावाची तक्रार आहे. म्हणूनच इंग्रजीत लिहिणारे अनेक अभ्यासक तो शब्द अनुवादित न करता तसाच ठेवतात.