भिमडी, भेवंडी, भिवंडी

पुण्याला शिकायला गेलेला आमच्या घरातला मुलगा ईदच्या सुट्टीत आला, तो एक प्रश्न घेऊनच. वसतिगृहात पहिल्याच दिवशी कोणीतरी त्याला म्हणाले होते, “भिवंडी? म्हणजे भ्यायचीच जागा ना?” सगळे हसले, तोही हसला. पण घरी दस्तरख्वानावर बसल्यावर त्याने विचारले, “खरंच, आपल्या गावाला हे नाव कशावरून पडलं?” बसलेल्या आम्हा मोठ्यांपैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. फक्त त्याची दादी म्हणाली, “नाव भिवंडी नाही रे, भेवंडी.” तिच्या तोंडून आम्ही आजवर भेवंडीच ऐकत आलो आहोत आणि मनातल्या मनात तिला चुकीचे ठरवत आलो आहोत.

आधी थट्टेचा निकाल लावू. भिण्याशी या नावाचा काही संबंध नाही. शिवकाळातल्या कागदांत हे गाव ‘भिमडी’ म्हणून येते, आणि बहुतेक वेळा एकटे येत नाही. ‘कल्याण-भिमडी’ असा जोडीनेच उल्लेख असतो. भिमडीची भिवंडी कशी झाली, हे समजायला पंडित असण्याची गरज नाही. जुन्या शब्दांतला ‘म’ मराठीच्या तोंडात सैल होऊन ‘व’ होतो आणि जाताना नाकातला स्वर मागे ठेवून जातो. ग्रामचे गाव झाले, नामचे नाव झाले. पूर्वी हे दोन्ही शब्द ‘गांव’, ‘नांव’ असे अनुस्वार देऊन लिहीत. तसेच भिमडीचे झाले. तेव्हा मूळ शब्दात भीम असावा, असे म्हणणारे बुजुर्ग आम्हाला जास्त पटतात.

आणि दादीची भेवंडी? उर्दूत गावाचे नाव लिहिताना ‘भ’नंतर ‘ये’ येतो. हा ‘ये’ ‘ई’ वाचा नाहीतर ‘ए’, दोन्ही चालते. इंग्रजांच्या जुन्या कागदांतही भिवंडीच्या जोडीला ‘भेवंडी’ असे वाचता येईल असे स्पेलिंग सापडते. म्हणजे दादी चुकत नव्हती. मराठी शाळेत गेलेले आम्हीच तिला दुरुस्त करायला निघालो होतो.

आज भिवंडी म्हटले की लोकांना लूमचा खडखडाट आणि महामार्गालगतची गोदामे आठवतात. पण हे मुळात खाडीकाठचे बंदर. कामवारी नदी इथे खाडीला मिळते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्राची वाट मोकळी होते. ऑक्टोबर 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी विजापूरकरांकडून घेतली, ती उगाच नव्हे. दोनच वर्षांनी, 1659 मध्ये, पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात काळजीचा सूर दिसतो, कारण कल्याण, भिवंडी आणि पनवेलला शिवाजींची जहाजे बांधली जात होती. पुढे इंग्रजी अमलातही तांदूळ, सुकी मासळी, लाकूड, गवत असा माल इथून गलबतांनी जात असे. 1853 मध्ये आगगाडी ठाण्याला आली, 1854 मध्ये कल्याणला पोहोचली, आणि भिवंडी बाजूला राहिली. कल्याण-भिमडीची जोडी खरी फुटली ती तेव्हा. कल्याण जंक्शन झाले आणि आमची खाडी गाळाने भरत गेली.

पाणी हटले तरी नावे हटली नाहीत. नदीपलीकडच्या वस्तीला आपण आजही ‘खाडीपार’ म्हणतो. तिथे राहणाऱ्या कितीतरी मुलांनी गलबत कधी पाहिलेले नाही, पण पत्त्यात रोज खाडी लिहितात. खारबाव गावातला ‘खार’ म्हणजे भरतीच्या पाण्याने खारावलेली जमीन. वंजारपट्टी नाक्यावर आता रिक्षा आणि टेम्पोंची कोंडी असते, पण ते नाव सांगते की कधीकाळी बैलांवर धान्य लादून येणारे वंजारी इथे उतरत. जुन्या गावात ब्राह्मण आळी, कासार आळी. मग गौरीपाड्यासारखे पाडे. तेलुगू पद्मशाली विणकर आले आणि पद्मानगर झाले. लूम वाढले तशी कंपाउंडे आली. आळी, पाडा, पुरा, नगर, कंपाउंड या क्रमाने चालत गेले तर कोण कधी आले, ते पायांनाच समजते.

निजामपूरचे मात्र वेगळेच. महापालिकेच्या पाटीवर ‘भिवंडी-निजामपूर’ असे लिहिलेले असते. आपण रोज वाचतो, विचार करत नाही. निजामपूर ही गावाला लागून असलेली वेगळी वस्ती होती. 2001 मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हाही नगरपालिकेच्या काळातले जोडनाव तसेच ठेवले गेले. अहमदनगरची निजामशाही 1636 मध्ये संपेपर्यंत हा मुलूख तिच्याकडे होता, म्हणून अनेकांचा ओढा त्या बाजूला आहे. आम्हाला मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बादशहांनी दिलेली मोठमोठी नावे टिकली नाहीत. नाशिकचे गुलशनाबाद आणि चाकणचे इस्लामाबाद आता फक्त इतिहासाच्या पुस्तकात आहे. निजामपूर राहिले, कारण तिथली माणसे रोज ते नाव घेत होती.

1857 नंतर उत्तरेकडून, आझमगड, मऊ, अलाहाबाद भागातून मोमीन विणकर आले. इथले कोकणी मुसलमान त्यांच्या कितीतरी आधीपासून खाडीच्या व्यापारात आणि शेतीत होते. एकाच्या घरात कोकणी मराठी, दुसऱ्याच्या घरात पूरबी वळणाची उर्दू. लग्नांत पंगती वेगळ्या, चेष्टा एकमेकांची. हे आपल्यात अजून पुरते मिटलेले नाही, हेही मान्य करू. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 7,09,665 भरली.

मग वसतिगृहातली ती थट्टा आली कुठून? 1970 आणि 1984 च्या दंगलींतून. तेव्हापासून बाहेरच्यांसाठी गावाचे नाव म्हणजे वर्तमानपत्रातला मथळा झाले. सोयरिकीच्या बोलण्यात, नोकरीच्या मुलाखतीत ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नानंतर क्षणभर होणारी शांतता आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली आहे. पण त्यापुढचे पान कोणी वाचत नाही. 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे महिन्यामहिन्याला पोलिसांबरोबर एकत्र बसू लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी जागणारे लोक आज आजोबा झाले आहेत. त्यांना विचारा, ते सांगतील.

हे सगळे आम्ही मुलाला सांगितले. त्याने ‘भिमडी’ हा शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला आणि वहीत लिहून घेतला. दादी तसबीह थांबवून सगळे ऐकत होती. “झालं का तुमचं?” ती म्हणाली. “आता त्याला सांगा, भेवंडीची गाडी किती वाजता आहे ते.”